पत्त्यातच नाव-पासवर्ड घातला की पानातलं कॅमेऱ्याचं चित्र दिसत नाही

वर्तकनगर_बी_विंग

नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला आमची जुनी सोसायटी आहे. मी कमिटीत आहे आणि कॉम्प्युटरचं काही निघालं की ते माझ्याकडेच येतं. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर मी वॉचमनसाठी एक साधं वेबपान बनवलंय, ते गेटवरच्या केबिनमध्ये उघडतं. कुठली गाडी कुठल्या फ्लॅटची, पाहुण्यांची नोंद, आणि वर कोपऱ्यात मागच्या गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र. मागचं गेट नाल्याकडे उघडतं. तिथे वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून पुढच्या वॉचमनला ते गेट दिसायलाच हवं.

कॅमेरा नाव आणि पासवर्ड मागतो. वॉचमन एजन्सीचे, सारखे बदलतात. रात्री पाळी बदलताना त्यांनी अंधारात इंग्रजी पासवर्ड टाइप करत बसायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी कॅमेऱ्याच्या वेबपत्त्यातच सगळं घातलं, असं:

एचटीटीपी://ॲडमिन:पासवर्ड@१९२.१६८.१.६४/

आणि पुढे चित्राची वाट. हा पत्ता क्रोमच्या वरच्या पट्टीत टाकला की चित्र लगेच उघडतं. तोच पत्ता पानातल्या चित्राच्या टॅगमध्ये घातला की फुटक्या चित्राची खूण येते.

आणखी दोन गोष्टी. सोसायटीच्या हिशेबाच्या वेबसाइटवर हीच युक्ती केली तर लॉगिनचं पान जसंच्या तसं समोर येतं. आणि सेक्रेटरी म्हणतात, कॅमेऱ्याचा हा पत्ता कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, सगळ्यांना घरून बघता येईल. टाकू का?

तलावपाळी

पासवर्डमध्ये @ आहे का? असेल तर काही प्रोग्रॅमचा गोंधळ उडू शकतो, पासवर्ड कुठे संपला आणि पत्ता कुठे सुरू झाला ते त्यांना कळत नाही. @ च्या जागी %४० लिहायचं, # असेल तर %२३. (आकडे इंग्रजी टाइप करा.)

वर्तकनगर_बी_विंग

नाही, फक्त अक्षरं आणि आकडे आहेत. आणि वरच्या पट्टीत तर चालतंय.

केबल_कोपरखैरणे

ताई, तुमच्या टॅगमध्ये काही चूक नाही. पानाच्या आत मागवलेल्या चित्राच्या पत्त्यात नाव-पासवर्ड असेल तर क्रोम ते चित्र आणतच नाही. २०१७ साली ५९ व्या आवृत्तीपासून हे सुरू झालं. पट्टीत तुम्ही स्वतः टाकलेला पत्ता मात्र अजून चालू देतात.

एवढी कडक भूमिका का, तर @ च्या आधी काहीही लिहिलं तरी ब्राउझर जातो @ च्या नंतरच्या ठिकाणी. भामट्यांनी याचा भरपूर फायदा घेतला. आधी बँकेचं नाव, मग @, मग स्वतःचा सर्व्हर. घाईत वाचणाऱ्याला वाटतं बँकेचीच साइट. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००४ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधून ही सोय काढूनच टाकली. पुढच्या वर्षी आलेल्या आरएफसी ३९८६ मध्ये, म्हणजे वेबपत्ते कसे लिहावेत याच्या नियमांत, पत्त्यात पासवर्ड घालायची पद्धत बाद ठरवली आहे. तेव्हा क्रोमला चुकवून तुमचं जुनं पान चालवायच्या फंदात पडू नका. आज जमलं तरी पुढच्या अपडेटला बंद पडेल.

हिशेबाच्या साइटचं कारण वेगळं. ही युक्ती चालते ती ब्राउझर स्वतःचा छोटा चौकोन उघडून नाव-पासवर्ड विचारतो तिथेच. सर्व्हर ४०१, म्हणजे 'आधी ओळख द्या', असं उत्तर देतो, मग ब्राउझर नाव-पासवर्ड हेडरमधून, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या माहितीतून, पाठवतो. तुमच्या हिशेबाच्या साइटवर लॉगिनचा फॉर्म हा पानाचाच भाग आहे, तो भरला की कुकी, म्हणजे ब्राउझरजवळ राहणारी ओळखीची खूण, मिळते. पत्त्यातला पासवर्ड त्या फॉर्मपर्यंत पोचतच नाही. तिथे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोमला पासवर्ड लक्षात ठेवू द्या, बस.

आता व्हॉट्सॲप. कृपा करून टाकू नका. एक तर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता सोसायटीच्या नेटवर्कबाहेर उघडणारच नाही. आणि तुम्ही ॲडमिनचा पासवर्ड वाटताय. मी महापे-रबाळे पट्ट्यात कॅमेरे लावतो. मालक सुपरवायझरला लिंक पाठवतो, सुपरवायझर ड्रायव्हरला, ड्रायव्हर आणखी कुणाला, हे सतत बघतो. ॲडमिनला नुसतं बघता येतं असं नाही. तो रेकॉर्डिंग पुसू शकतो, कॅमेरा बंद करू शकतो, पासवर्ड बदलून तुम्हालाच बाहेर काढू शकतो. ज्या गेटवर माणूस नाही तिथला हा कॅमेरा आहे, म्हणून जीव तुटून सांगतोय.

तसाही केबिनमध्ये कुणी राइट क्लिक करून पानाचा सोर्स उघडला तर पासवर्ड समोर आहे. शिवाय कॅमेरा साध्या एचटीटीपीवर आहे. लॉगिनच्या बेसिक नावाच्या साध्या पद्धतीत पासवर्ड नुसता बेस६४ या रूपात बदलून जातो, ते काही कुलूप नव्हे, क्षणात उलटवता येतं.

मी असं करेन. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फक्त बघण्याची परवानगी असलेला नवा युजर बनवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छोटी स्क्रिप्ट लावा, ती दर काही सेकंदांनी कर्लने (वेबपत्त्यावरून फाइल आणणारा छोटा प्रोग्रॅम) कॅमेऱ्याचा फोटो आणून पानाच्या शेजारी फाइल म्हणून ठेवेल. नाव-पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका, नेटआरसी फाइलमध्ये (कर्ल नाव-पासवर्ड वाचतो ती वेगळी फाइल) ठेवा आणि ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशी करा. नेटआरसी पानाच्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका, नाहीतर ती केबिनमधूनही उघडेल. कॅमेरा बेसिकला नकार देत असेल तर कर्लला डायजेस्टचा (पासवर्ड थेट न पाठवणारी लॉगिनची पद्धत) पर्याय द्या, हल्ली बरेच कॅमेरे तेच मागतात. पानातला टॅग त्या फाइलकडे वळवा आणि पत्त्याच्या शेवटी दर वेळी बदलणारा आकडा जोडा, नाहीतर ब्राउझर जुनाच फोटो दाखवत राहील.

आणि कॅमेऱ्याच्या चित्रावरची तारीख-वेळ बंद करू नका. स्क्रिप्ट अडकली तर फोटो गोठतो आणि रिकामं गेट रात्रभर रिकामंच दिसतं. वॉचमनला घड्याळ बघायला शिकवा.

तलावपाळी

पण व्हीएलसी व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेरा लावताना आपण आरटीएसपीच्या (थेट व्हिडिओ मागवायची पद्धत) पत्त्यात नाव-पासवर्ड देतोच की. मग ते कसं चालतं?

केबल_कोपरखैरणे

चालतं, कारण मध्ये ब्राउझर नाही. आरटीएसपी वेगळा प्रोटोकॉल, बहुतेक ५५४ पोर्टवर. बऱ्याच रेकॉर्डर आणि प्रोग्रॅमना अजून तसाच पत्ता द्यावा लागतो. द्यायचाच तर बघणाऱ्या युजरचा द्या, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून मदत मागायला ग्रुपवर टाकू नका.

वर्तकनगर_बी_विंग

खूप आभार. काल बसून केलं. आमचा कॅमेरा डायजेस्टवालाच निघाला, कर्लला ते सांगेपर्यंत फोटोऐवजी ४०१ येत होतं. आता केबिनमध्ये चित्र येतंय, वॉचमनला काही टाइप करावं लागत नाही. ॲडमिनचा पासवर्डही बदलला. सेक्रेटरींना ॲडमिन काय काय करू शकतो ते दाखवलं, रेकॉर्डिंग पुसायचं बटण पाहिल्यावर लगेच पटलं. पण कमिटीला घरून बघायचंय हे खरंच आहे, त्याचं काय करू?

केबल_कोपरखैरणे

कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप असेल ना, त्यात प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि कॅमेरा फक्त बघण्यापुरता शेअर करा. राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर आणू नका, कुणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. निवडणुकीनंतर कमिटी बदलली की जुन्यांची खाती त्याच दिवशी काढा. त्यासाठी बाकी कुणाचा पासवर्ड बदलावा लागणार नाही.