फ्रीजर गार, पण खालचा कप्पा कोमट
दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर बर्फ नीट जमतो, पण खाली ठेवलेले दूध मात्र नासते, या तक्रारीवर काहींनी गॅस भरून घेण्याचा सल्ला दिला आहे. तो मला घाईचा वाटतो. गॅस कमी झाला असता, तर बहुधा फ्रीजरचीही थंडी उतरली असती. या रचनेत कॉइल (गॅस खेळणारी, थंडावा देणारी नळी) फ्रीजरच्या मागील आवरणाआड असते आणि तिथली गार हवा पंखा एका अरुंद मार्गाने खाली ढकलतो. त्यामुळे डीफ्रॉस्टचा (कॉइलवरचे हिम आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेचा) हीटर, थर्मोस्टॅट किंवा टायमर यांपैकी एक जरी बिघडला, तरी कॉइलवर हिम साचत जाऊन तो मार्ग बुजतो. खात्री करण्यासाठी फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे 24 तास उघडी ठेवावीत (खाली जुनी फडकी अवश्य पसरावीत). त्यानंतर काही दिवस फ्रिज उत्तम चालून तीच तक्रार पुन्हा उद्भवली, तर दोष डीफ्रॉस्टमध्येच आहे असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर पंखा तपासून घ्यावा. सुरीने बर्फ खरवडू नये, कारण नळीला छिद्र पडले, तर गॅस खरोखरच भरावा लागेल.