जुन्या कंपनीनं पीएफमध्ये एक्झिट डेट चुकीची टाकली, आता नवीन ऑफर अडकली

मिहानवाला
नमस्कार मंडळी. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी अडकवून ठेवलं. यूएएनची, म्हणजे पीएफच्या त्या एका कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्ट्री मागितली, मी दिली, न त्यात हिंगण्याच्या जुन्या कंपनीची एक्झिट डेट ३० नोव्हेंबर दिसून राहिली. मी जूनमध्येच सोडली होती न जुलैपासून बुटीबोरीला लागलो होतो. म्हणजे कागदावर पाच महिने मी दोन ठिकाणी नोकरी केली, मूनलायटिंग म्हणे! दोन पगार कुठं भेटले बाप्पा, एकच धड वेळेवर येत नव्हता. जुन्या कंपनीच्या अकाउंटवाल्याले फोन केला की तो म्हणते "पाहतो", दिवाळीपासून पाहूनच राहिला. सगळ्यांची नोकरीची कुंडली अशी एकाच सरकारी डेटाबेसमध्ये ठेवणं बरोबर आहे का? पहिले रिझ्युमेवर आपण लिहू तेच चालायचं.

पीएफ_काका
आधी पीएफचं पासबुक उघडून पाहा. जुलै ते नोव्हेंबर जुन्या कंपनीकडून पैसे जमा झालेत का? नसतील तर फक्त तारीख चुकली आहे आणि पासबुकच तुमचा पुरावा. तारीख दुरुस्तीला जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे पीएफमधली माहिती दुरुस्त करायचा अर्ज, टाकायचं, पीएफच्या पोर्टलवरूनच होतं. जानेवारी २०२५ पासून, यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जुळलेला असेल तर जॉइनिंग आणि एक्झिटची तारीखसुद्धा कंपनीच्या सहीशिवाय बदलता येते. त्याआधीचा यूएएन असेल तर मात्र त्या "पाहतो"वाल्याच्याच मागं लागावं लागेल. एक्झिट डेट टाकलीच नसती तर शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकले असते, पण चुकीची टाकून ठेवली की भानगड वाढते.

कोराडीचा_पोरगा
भाऊ तुमचं समजते मले, पण दुसरी बाजू बी पाहा ना. माहा बाप वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली होता. गेट तेच, बॉयलर तोच, ठेकेदार मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवा न प्रत्येकानं नवा पीएफ नंबर काढला. पेटीत एक प्लास्टिकची पिशवी होती, त्यात साऱ्या चिठ्ठ्या, काहींवरचे आकडे घामानं पुसले. २०१४ मध्ये यूएएन आला न मग एकेक जुना नंबर त्यात जोडत बसलो. पेन्शनले १० वर्षं सर्व्हिस लागते, जोडून जोडून भरली कशीबशी. एका ठेकेदाराचा तर पत्ताच नाही, दुकान बंद करून गेला, त्याच्याकडची वर्षं गेली पाण्यात. आता सांगा, हे आधीपासून एका जागी असतं तर? काकू वीटभट्टीवर आहे, तिचं ई-श्रम कार्ड काढलं, असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड ते. त्यावर काम कोणतं ते आहे, कोणाकडं किती वर्षं राबली ते नाही. तिच्यापाशी लपवायले हिस्ट्रीच नाही न तुम्ही प्रायव्हसी घेऊन बसले.

सदर_एचआर
दोघांचंही पटते. मी एचआरमध्येच आहे म्हणून थोडं आतलं सांगते. आयटीवाल्यांसाठी नॅसकॉमनं, म्हणजे आयटी कंपन्यांच्या संघटनेनं, २००६ मध्येच नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढली होती, बोटांचे ठसे घेऊन. म्हणजे ही कल्पना काही आजची नाही. माझ्या मते त्रास एका जागी ठेवण्याचा नाहीच, लिहिते कंपनी, वाचते दुसरी कंपनी आणि ज्याचं आयुष्य आहे त्याच्या हातात पेन सगळ्यात शेवटी येतो, त्रास तिथं आहे. २०२५ चा बदल म्हणूनच मला मोठा वाटला, भलेही अर्ध्या लोकांना तो माहीतच नाही.
एक बरं आहे, पीएफमध्ये सोडण्याची जी कारणं टाकतात ती रिटायरमेंट, मृत्यू, अपंगत्व अशी, बाकी सगळे "सेसेशन शॉर्ट सर्व्हिस" (नुसतं नोकरी संपली) मध्ये जातात. काढलं की स्वतः सोडलं हे तिथं कळतच नाही, आणि कधी कळूही नये. तो कॉलम आला तर वरिष्ठाशी भांडलेल्या माणसाला अख्ख्या विदर्भात कोणी उभं करणार नाही.
आणि हो, व्हेरिफिकेशन एजन्सीवाले लॉगिन करून ओटीपी मागतात, तो देऊ नका. सर्व्हिस हिस्ट्रीची पीडीएफ द्या, पुरे.

मिहानवाला
पासबुक पाहिलं. जूननंतर जुन्या कंपनीचा एक रुपया नाही. पण यूएएन २०१६ चा आहे राजेहो 😭

पीएफ_काका
मग जॉइंट डिक्लेरेशन कंपनीकडे जाईल. रिलीव्हिंग लेटर, जूनची पगार स्लिप जोडा. पंधरा दिवसांत हललं नाही तर ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, आणि महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" हे पीएफवाल्यांचं शिबिर असतं तिथं कागद घेऊन जा, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. नवीन एचआरला आजच मेल करा, पासबुकमधल्या त्या पाच महिन्यांचा स्क्रीनशॉट लावून. ऑफर पत्रात जॉइनिंगची तारीख काय आहे?

मिहानवाला
१ तारीख. म्हणजे २७ च्या आधीच मेल ठोकतो.