आयर्विन पूल : सांगलीकरांनो, आठवणी सांगा

कृष्णाकाठची
काल लेकीचा इतिहास घेत होते. गांधी-आयर्विन करार, १९३१. तिनं विचारलं, "आई, आपल्या पुलाचा आयर्विन?" तोच गं, व्हाइसरॉय. चिंतामणराव पटवर्धन राजेसाहेबांच्या काळात पूल झाला, १९२९ ला सुरू झाला, नाव दिलं व्हाइसरॉयचं. संस्थान विलीन झालं तरी नाव तोंडातून गेलं नाही. आमचे आजोबा पावसाळ्यात रोज पुलाशी जाऊन पाणी बघायचे, दारातूनच फूट सांगायचे. तुमचं सांगा.

सांगलवाडीचा
पुलाशी पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पाढ्यांच्या आधी हे पाठ. कोयनेतनं किती सोडलं नि आयर्विनला किती, जुलै-ऑगस्टात दुसरं बोलणं नसतं आमच्यात.

माई
२०१९ ला ५७ च्या वर. २००५ ची खूण होती भिंतीवर, तिच्याही वर चढलं. आईचा शालू, भावाची सर्टिफिकेटं, सगळं गेलं. चिखलाचा तो वास अजून नाकात आहे. नंतर लिहिते, दूध ठेवलंय.

सांगलवाडीचा
माई, आमच्यात पण तीच गत. म्हशी सोडवताना वडील रडलेले.

पट्टीचा पोहणारा
पूर आला की पुलावरनं उड्या! मामा त्यातला. तांबडं पाणी, भोवरे, आणि हे खाली घाटाला लागणार. आजी काठावर उभी राहून शिव्या द्यायची, वर आला की पदरानं डोकं पुसायची. आता कुणी उडी टाकू नका रे, जीव जातो.

हरिपूरची सून
आमच्याकडं हळदीची पेवं. जमिनीखाली हळद ठेवायची, वर्षानुवर्षं कीड नाही. २००५ ला पाणी शिरलं पेवांत. सासरे त्यावर बोलतच नाहीत.

जुना विद्यार्थी
माझं स्पष्ट मत, पुलाला राजेसाहेबांचं नाव हवं होतं. व्हाइसरॉयनं काय केलं सांगलीसाठी?

कृष्णाकाठची
पटतं. पण आजोबांच्या तोंडचा 'आयर्विन' मला सोडवत नाही. शेजारच्या नव्या पुलाला द्या की राजेसाहेबांचं.

पुण्यात अडकलेली
शनिवारी सांगलीहून कुणी येतंय का? भडंग हवंय, लसूण जास्त घातलेलं.

हरिपूरची सून
दीर येतोय, स्वारगेटला उतरेल. किती आणू?

पुण्यात अडकलेली
दोन किलो!