मदत हवी आहे: २२ दिवसांचं बाळ झोपेत फार आवाज करतं

नमस्कार मैत्रिणींनो. मी सध्या माहेरी, सिडकोत. पहिलंच बाळ आहे. दिवसा गाढ झोपतो, पण पहाटे तीननंतर कण्हणं, कुंथणं सुरू. तोंड लालबुंद, पाय पोटाशी, दुपट्यातून हात बाहेर, आणि डोळे मात्र बंद! सुरुवातीला मी लगेच उचलून पाजायचे, मग तो खरंच जागा व्हायचा आणि आमची रात्र संपायची. मध्येच दोन्ही हात फेकून दचकतो. कधी गालात हसतो. आई म्हणते, सटवाई खेळवतेय.

डॉक्टरांनी सांगितलं की नवजात बाळाची निम्मी झोप अशी चळवळीचीच असते, आणि श्वास भराभर चालून ५-१० सेकंद थांबणंही या वयात चालतं. मिनिटाला ६० च्या वर श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं किंवा ओठ निळे दिसले तर मात्र थेट दवाखाना. तसं काही नाही, दूधही नीट पितो. तरी श्वास थांबला की मी मोबाइलच्या उजेडात छातीकडे बघत सेकंद मोजत बसते.

सध्या नाशिकची थंडी, त्यात नाक घुरघुरतं. आजीला ओव्याची धुरी द्यायचीय, मी अडून बसलेय. नुसते सलाइनचे थेंब पुरतात का? आणि कुंथणं नि भुकेचं रडं तुम्ही कसं ओळखलंत? उचलण्याआधी किती वेळ थांबता? हे कुंथणं साधारण कितव्या महिन्यात कमी झालं?