माफी आधी माणसाची

योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, कडक उपास केला की ज्यू माणसाची वर्षभराची पापं धुतली जातात, असं कुणीकुणी म्हणतं. ही अर्धीच गोष्ट झाली. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातला नियम असा की देवाविरुद्ध केलेले अपराध त्या दिवशी माफ होतात, माणसाविरुद्ध केलेले नाही. ज्याला दुखावलं, त्याची समजूत आधी काढावी लागते.

बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताने हे फार बारकाईने सांगितलंय. कुणाचे पैसे बुडवले असतील तर नुसते परत करून भागत नाही, माफीही मागायची. समोरचा ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जायचं. तरीही नाही, तर पुन्हा, आणि आणखी एकदा. त्यानंतर दोष माफ न करणाऱ्याचा. (दुखावलेला आपला गुरू असेल तर हजार वेळा!) दुखावलेला माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी जायचं आणि सगळ्यांदेखत कबुली द्यायची.

मला हे मनापासून पटतं. देवापुढे हात जोडणं सोपं आहे. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या चुलतभावाच्या दारात उभं राहायला खरी श्रद्धा लागते.