ऑलिव्हच्या झाडीतलं मातीचं घर विकायचंय, जाहिरातीत काय लिहू?

जाईजुई:
नमस्कार मंडळी. मी मूळची इचलकरंजीची, नवरा मडगावचा. गेली अकरा वर्षं दक्षिण पोर्तुगालात, आलेन्तेजू भागात सेर्पाच्या बाहेर राहतोय. लेकीच्या शिक्षणासाठी आता लिस्बनला जाणार, म्हणून घर विकायला काढलंय.

एजंटने मजकूर पाठवला: "ऑलिव्हच्या कुशीत वसलेलं ऐसपैस, पर्यावरणपूरक, स्वप्नवत घर." दोनदा वाचला, पण आपल्याच घराबद्दल चाललंय असं काही वाटेना.

घर १९० चौरस मीटर, एकमजली. भिंती ताइपाच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या साच्यात ओलसर माती ठोकून ठोकून उभ्या केलेल्या, अर्धा मीटर जाड. जमीन २.८ हेक्टर, आपली सातेक एकर. ऑलिव्हची २१४ झाडं, गालेगा आणि कोर्दोविल जातीची. छपरावर पाच किलोवॅटचं सोलर, पावसाच्या पाण्याची ४० हजार लिटरची टाकी, शिवाय परवाना असलेली बोअर. एवढं सगळं असून एनर्जी सर्टिफिकेटवर (घराला ऊर्जा किती लागते त्याचा दाखला) वर्ग 'डी', म्हणजे बेताचाच, कारण खिडक्या जुन्या, एकाच काचेच्या. जाहिरातीत तो वर्ग छापणं इथे सक्तीचं आहे. म्हणजे वर "पर्यावरणपूरक" आणि खाली "डी"!

दुसरं म्हणजे, इथे करावी लागणारी कामं मला लिहायची आहेत. एजंट म्हणतो, लिहू नका, गिऱ्हाईक पळेल. तुम्ही काय कराल?

गढीवाला:
मी सोलापूरकडचा, सिव्हिलमधला. आजोळचं घर पांढऱ्या मातीचं, धाब्याचं होतं, त्यामुळे हात शिवशिवतायत. पहिला प्रश्न, बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? केला असेल तर तो आधी काढा. मातीच्या भिंतीत ओल खालूनही चढते, आतूनही येते, आणि चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने कोंडली की भिंत आतल्या आत भुसभुशीत होते. वरून छान दिसत राहते आणि एक दिवस पोपडा हातात येतो.

दुसरं, गिऱ्हाइकाला एप्रिलमध्ये घर दाखवू नका. एप्रिलमध्ये कुठलंही घर चांगलंच वाटतं.

साडेतीनटक्के:
ताई, घर घेतलं की तिथला व्हिसा मिळतो म्हणतात, तेवढं सांगा. पुण्यातून पैसे पाठवता येतील का? आणि २१४ झाडांचं उत्पन्न किती? हिशेब जमला तर फ्लॅट विकायची तयारी आहे.

जाईजुई:
@गढीवाला, सिमेंट आधीच्या मालकाने उत्तरेच्या भिंतीला फासलं होतं. तुम्ही म्हणता तसाच पोपडा आला, पलंगाएवढा. आम्ही सगळं खरवडून चुना केला. आता दर मे महिन्यात पांढरा हात आणि खाली निळा पट्टा, इथल्या रिवाजाप्रमाणे. पहिल्या वर्षी चुना कालवायला काय घ्यावं कळेना. मी हातवारे करत "घमेलं, घमेलं" म्हणत होते, तर शेजारच्या आजी आत गेल्या आणि लाकडी 'गामेला' घेऊन आल्या! शब्द त्यांचाच, आपल्याकडे येऊन लोखंडी झाला. (चावी, बिजागरी, पिंप हीसुद्धा तिकडूनच आलेली. पिंपात आम्ही चुना भिजवतो.)

एप्रिलचं अगदी पटलं. शेजारच्या आमारेलेझात १ ऑगस्ट २००३ रोजी ४७.४ अंश नोंदले गेले होते, तो या देशाचा उच्चांक. गेल्या उन्हाळ्यात बाहेर ४३ असताना आमच्या मधल्या खोलीत २७ होते, एसी नाही. मात्र सकाळी आठला खिडक्यांची दारं लावायची ती रात्री दहालाच उघडायची. एकाने दुपारी "जरा हवा येऊ दे" म्हणून दार उघडलं तर अख्खा दिवस वाया. आणि जानेवारीत? लाकडाच्या शेगडीशिवाय दात वाजतात.

@साडेतीनटक्के, घर घेऊन गोल्डन व्हिसा (गुंतवणुकीवर मिळणारा राहण्याचा परवाना) मिळायचा, तो मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर) कापते. तो आयकरात वळता होतो, तरी तोवर पैसा अडकतो. उत्पन्नाचं म्हणाल, तर ऑलिव्ह एक वर्ष लगडतं आणि पुढच्या वर्षी रुसतं, आपल्या आंब्यासारखंच. एका वर्षी १९०० किलो, पुढच्या वर्षी ३०० सुद्धा नाही. आमच्या गिरणीत शंभर किलोला पंधरा-सोळा लिटर तेल पडतं, त्यात गिरणीवाल्याचा वाटा. नोव्हेंबरात खाली जाळी अंथरायची, काठीने झोडपायचं, पाला निवडायचा आणि एक-दोन दिवसांत गिरणीत पोचवायचं, नाहीतर फळ तापून तेलाला वास येतो. फ्लॅट विकू नका.

बाणावलीकार:
मी बाणावलीचा, सध्या स्विंडनला. मामाची अशीच जागा विकताना आम्ही पोळलो, म्हणून सांगतो. कागद आधी बघ बाय. घराचा उतारा वेगळा आणि शेतीचा वेगळा असेल, 'उर्बानू' आणि 'रुश्तिकू'. नंतर वाढवलेली खोली नकाशात आहे का? घर १९५१ च्या आधीचं असेल तर वापर परवान्यातून सूट मिळते, पण ते जुनं असल्याचा पुरावा लागतो, आणि मागाहून बांधलेल्या खोलीला ती सूट नाही. घेणाऱ्यालाही सांग, शेतीच्या भागावर सरसकट ५ टक्के हस्तांतरण कर आणि वर ०.८ टक्के मुद्रांक.

सगळ्यात मोठी गोम म्हणजे लहान शेतजमिनीत शेजाऱ्याचा पहिला हक्क असू शकतो. त्याला किंमत, अटी सगळं लेखी कळवलं नाही, तर व्यवहार कळल्यापासून सहा महिन्यांत तो कोर्टात जाऊन त्याच किमतीला जमीन मागू शकतो. आमच्या वेळी शेजारी म्हातारा रोज कॉफी प्यायला यायचा. नोटीस काय द्यायची, घरचाच माणूस, असं मामा म्हणाला. पुढचं विचारू नको.

जाईजुई:
बाप रे. घर १९३० च्या सुमाराचं, कागद आहेत, पण मागची न्हाणी आमच्याच काळातली. उद्याच वकिलाला फोन. आणि आमच्या शेजारी आता आजी नाहीत, मोठी कंपनी आलीय. २००२ मध्ये आल्केवा धरणाची दारं मिटली, पाणी आलं आणि कोरडवाहू जुन्या झाडांच्या जागी कुंपणासारख्या ऑलिव्हच्या ओळी लागल्या. यंत्र वरून जातं आणि रांगच्या रांग खरवडून नेतं. आमच्या पूर्वेच्या बांधापासून तीस पावलांवर त्यांची पहिली ओळ आहे, फवारणीच्या दिवशी आम्ही कपडे आत घेतो. एजंटच्या "ऑलिव्हच्या कुशीत" मध्ये हेही आलं म्हणायचं.

गढीवाला:
ते मात्र लिहाच. घेणारा पहिल्याच फवारणीत ओळखेल, मग बाकीचं खरंही त्याला खोटं वाटेल. "पर्यावरणपूरक" काढून टाका, भिंतीची जाडी लिहा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

जाईजुई:
काल रात्री नवऱ्याबरोबर बसून लिहिलं. एजंटने नाक मुरडलं, पण लावतोय म्हणाला:

"१९३० च्या सुमाराचं मातीचं घर, भिंती ५० सें.मी., चुन्याची सफेदी दरवर्षी करावी लागते. वर्ग डी, खिडक्या बदलल्यास सुधारेल. सोलर, पावसाची टाकी, बोअर. २१४ ऑलिव्ह, जुनी, कोरडवाहू, एक वर्षाआड पीक. आगीच्या नियमाप्रमाणे घराभोवती ५० मीटर गवत-झुडूप दर वसंतात साफ करणे मालकाकडे. पूर्वेला व्यापारी लागवड, फवारणी होते. घर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तीन वाजताच दाखवले जाईल. जाळी, काठ्या, शिडी आणि चुन्याचं पिंप घरासोबत."

गामेला मात्र देणार नाही. तो लिस्बनला नेतेय.

साडेतीनटक्के:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय ताई. घराचं नाही, तेलाचं विचारलंय.