मदत हवी आहे: मारुतीची फ्रॉन्क्स घ्यावी की जिमनी?

वापर असा: पाच दिवस पुण्यात, शनिवार-रविवार वेल्ह्याकडे शेतावर. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा चढ, पावसाळ्यात नुसता चिखल आणि खोल चाकोऱ्या. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) फ्रॉन्क्सचा १९० मिमी, जिमनीचा २१०. एवढ्या फरकावर मी निर्णय घेणार नाही. खरी अडचण फ्रॉन्क्सच्या फ्रंट-व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना: चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं जागीच फिरतात. जिमनीत फोर-व्हील लो (चारही चाकांना हळू वेगात जास्त जोर देणारा गिअर) आहे, पण माणसं चारच, डिकी २०८ लिटर. खताची पोती न्यायची तर मागची सीट पाडावीच लागणार.

फ्रॉन्क्सला ऑल-टेरेन टायर घालून, हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवून असा चढ भर पावसात कुणी चढवला आहे का? आणि जिमनी शहरात प्रत्यक्ष किती अ‍ॅव्हरेज देते?